एक तरी बेकार दाखव!

“एक तरी बेकार दाखव!” प्रतापभानू महाराज सिंहासनावर हात आपटून गरजले. “माझ्या शाळेत शिकला आणि कामाविना राहिला, असा एक, फक्त एक माणूस उद्या सांगायला ये! नाही सापडला, तर तुझ्या बापाचा घाणाही लखमशेठच्या दारात जाईल!”

सगुणा जागची हलली नाही. ती विठू तेल्याची मुलगी. तक्रार एवढीच घेऊन आली होती, की घाण्याचा बैल शाळेच्या फीपोटी गेला आणि तिचा धाकटा भाऊ भिवा माहूत झाला. राज्यात हत्ती एकच, त्याला माहूतही एकच. पण शाळेतून दर महिन्याला नव्या माहुतांची तुकडी बाहेर पडत होती! शिकायला मातीचा हत्ती होता. पावसाळ्यात त्याची सोंड गळून पडली, तेव्हा ती तुकडी बिनसोंडेच्या हत्तीचे माहूत म्हणून पास केली गेली. इकडे म्हातारा विठू बैलाच्या जागी स्वतः जू ओढत होता.

पूर्वी ही शाळा बाजारातल्या एका पडवीत भरायची. ती चालवणाऱ्या लखमशेठने तिला ‘प्रतापशाळा’ असं नाव दिलं आणि महाराज लोण्यासारखे विरघळले. राजमुद्रा मिळाली. मग काय विचारता! प्रत्येक बाजारगावात एकेक प्रतापशाळा उभी राहिली. दारावर पाटी: ‘शिकेल त्याला काम, राजमुद्रेची हमी.’ फी म्हणून बैल, म्हैस, माग, जे घर चालवतं ते द्यायचं. शाळेत शिकवणारे दोन आणि शाळेकडे बोलावणारे दोनशे!

“सरकार,” लखमशेठ हात जोडून म्हणाला, “आमचे शंभरातले शंभर कामाला लागतात. पोरीने खुशाल शोधावं.”

सगुणा शोधायला निघाली. चौकात पहिला भेटला तो भिवाच, गळ्यात ढोल अडकवून.

“माहूत ना रे तू?”

“हो ताई. पण सध्या शाळेची दवंडी पिटतो. काम आहे ना!”

पुढे सोनारकाम शिकलेला एक जण शाळेचा झेंडा घेऊन उभा होता. वैद्यकी शिकलेला फीच्या रांगेत पाणी वाटत होता. शेवटी वडाखाली एक तरणा गडी पाय पसरून पडलेला दिसला. सगुणाला हायसं वाटलं.

“दादा, तुम्ही प्रतापशाळेतलेच ना? बेकार आहात ना?”

“बेकार? तोंड सांभाळून बोल!” तो ताडकन उठून बसला. “शेठने मला इथे नेमलंय. येणाऱ्याजाणाऱ्याने माझ्याकडे बघून म्हणावं, शिकून किती सुखात आहे हा! दुपारपर्यंत मला हसतमुख पडून राहावं लागतं. कंबर धरते हो!”

सगुणा तिथेच मटकन बसली. सगळे कामाला होते. काम एकच, पुढचं गिऱ्हाईक आणायचं! आणि ते आलं, की त्यालाही तेच काम. मग ती एकदम उठली आणि पदर खोचून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी लखमशेठने आपली सगळी फौज राजवाड्याच्या अंगणात उभी केली होती. ढोल, झेंडे, सगळा थाट.

“काय ग पोरी, सापडला?” महाराजांनी विचारलं.

“नाही महाराज. एकही नाही.”

शेठने मिशांवरून हात फिरवला. “मग घाणा आजच उचलायला माणसं पाठवू का, सरकार?”

“पाठवा की,” सगुणा म्हणाली. “पण जाताजाता एक विनंती आहे. शाळा इतकी गुणाची, तर थोड्यांनाच तिचा लाभ का? महाराज, हुकूम काढा. राज्यातल्या प्रत्येकाचं नाव आजच्या आज प्रतापशाळेत घाला. एकही माणूस सुटता कामा नये!”

“वा!” शेठ उडालाच. “पोर नव्हे, हिरा आहे, सरकार! काढा हुकूम!”

स्वतःच्या नावाची शाळा घराघरांत जाणार म्हटल्यावर महाराजांना कसला धीर! मुद्रा उमटली.

“शेठजी,” सगुणाने विचारलं, “आता शाळेबाहेर कोण उरलं?”

“तान्हं मूलसुद्धा नाही!”

“मग उद्या आमच्या भिवाने ढोल कुणासाठी वाजवायचा?”

शेठने वळून अंगणातल्या ढोलांकडे पाहिलं.

“झेंडा कुणाला दाखवायचा? रांगच नाही तर पाणी कुणाला पाजायचं? वडाखाली हसायचं कुणाकडे बघून?”

“नवी... नवी मुलं जन्माला येतील की!”

“येतील. ती शाळेत येण्याएवढी होईपर्यंत या साऱ्यांना तुम्ही घरी बसवून जेवू घालणार?”

शेठ दोन पावलं मागे सरकला. सगुणा महाराजांकडे वळली. “तुम्ही एक बेकार मागितला होतात, महाराज. तुमच्या एका हुकमाने सगळेच झाले! अंगणात उभे आहेत, बघून घ्या.”

महाराज लालबुंद होऊन भडकले, आधी सगुणावर, मग शेठवर.

“लखमशेठ! शिकेल त्याला काम, ही माझ्या मुद्रेची हमी आहे ना? मग आत्ता प्रत्येकाला त्याने शिकलेलं काम दे. माहुतांपासून सुरुवात कर!”

“सरकार!” शेठने पाय धरले. “एवढे हत्ती मी आणू कुठून?”

“हत्ती राहू द्या हो शेठजी,” सगुणा म्हणाली. “बैल आणा!”

महाराज आधी खुदकन हसले, मग इतके हसले, की मुकुट कानावर आला. त्यांनी नवा हुकूम फाडला, शाळांवरची मुद्रा काढून घेतली आणि शेठचे गोठे, कोठारं उघडायला शिपाई धाडले. ज्याचं त्याला परत!

“आणि पोरी, यापुढे राजवाड्यातल्या प्रत्येक दिव्यात तुझ्याच घाण्याचं तेल! आणखी काय हवं, बोल!”

सगुणाने घाईघाईने मुजरा केला. “मागते महाराज, पण मागाहून. तो बघा, शेठजींच्या गोठ्यातून आमचा बैल सुटला आणि घराच्या वाटेला लागलासुद्धा!”