चंदनाचे केस

"पण माताजी, दीक्षेला वय किती लागतं?"

अनघमती माताजींच्या बोटांतली जपमाळ थांबली.

"कुणाच्या दीक्षेला?"

"हिच्या." त्रिशलाने मुलीला पुढे केलं. "चंदनाच्या."

चंदना पाचवीत होती. डोक्याला स्कार्फ बांधलेला. तरीही तो तिने एका हाताने धरून ठेवला होता.

जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, ओसरीवर आक्काताई माताजींच्या आहारासाठी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "पाचवीतल्या पोरीला वैराग्य? आमच्या नातीला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही बाई."

"सगळ्या मुली सारख्या नसतात, आक्का."

त्रिशला हायस्कुलात गणित शिकवायची. रविवारी इथेच, बस्तीत, पाठशाळा घ्यायची. कुठेही बोलली तरी तिचा आवाज वर्गातलाच असायचा.

माताजींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"तुमचा केशलोच झाला ना माताजी, तेव्हापासून हे सुरू आहे..."

गेल्या महिन्यात माताजींनी याच बस्तीत, सगळ्या गावासमोर, डोक्यावरचे केस स्वतःच्या हाताने उपटून काढले होते. वस्तरा नाही, कात्री नाही. बोटांना नुसती राख. दिगंबर साध्वींचं हे व्रतच. पडणारे केस झेलायचा मान त्रिशलाला मिळाला होता. ती पदर पसरून समोर बसली होती आणि सबंध वेळ रडत होती.

तिला चिकटून चंदना बसली होती.

"तेव्हापासून हीसुद्धा उपटते. एकेक केस. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. मागच्या जन्मीचं काही असल्याशिवाय असं होईल का, तुम्हीच सांगा."

"कधी उपटते?"

"अभ्यासाला बसली की."

"कुठला अभ्यास?"

"स्कॉलरशिप आहे, नवोदय आहे. शिवाय पाठशाळेचं पाठांतर. सगळ्यांत पुढे असते, माताजी. मधल्या चाचणीत जरा घसरली, पण..."

"हिचे वडील काय म्हणतात?"

"त्यांचं काय घेऊन बसलात. म्हणतात, डॉक्टरला दाखवू."

"दाखव. उद्याच."

त्रिशला दचकली. काहीतरी चुकतंय हे तिला कळलं असावं, कारण ती एकदम घाईने बोलायला लागली.

"नाही, पण तुम्ही हे बघा तरी."

तिने पिशवीतून कोरं पांढरं फडकं काढलं आणि जमिनीवर उलगडलं. आत केस होते. माताजींचे केस जसे फडक्यात बांधून नदीत सोडले होते, तसेच नीट ठेवलेले. काळे, लांब.

तांदळातला आक्काताईंचा हात थांबला.

"ये, बाळ," माताजी चंदनाला म्हणाल्या. "इथे बस."

आणि त्यांनी आपलं डोकं तिच्यापुढे वाकवलं.

डोक्यावर महिन्याभराचे खुरटे, करडे केस. चंदना बघत राहिली. मग तिने स्कार्फ सोडला आणि एक बोट हळूच पुढे केलं.

"अगं, हात नको लावूस माताजींना."

"लावू दे."

बोट टेकलं.

"दुखतं?" चंदनाने विचारलं.

"दुखतं."

"मला आता नाही दुखत."

"हं."

"मग तुम्ही रडला का नाही?"

"मला मधेच उठून जाता आलं असतं, बाळ. कुणी अडवलं नसतं." माताजींनी मान वर केली. "तुला येतं उठून जाता?"

चंदनाने आईकडे पाहिलं.

आक्काताईंनी सूप बाजूला सारलं...

"तुम्ही म्हणा ना, माताजी," त्रिशला म्हणाली. हा आवाज वर्गातला नव्हता. "हे वैराग्य आहे, एवढंच म्हणा. नाहीतर मग... नाहीतर मग हे काय आहे?"

माताजींनी फडक्यातल्या केसांकडे पाहिलं.

"बरं, मग मला नियम द्या. मी काहीतरी सोडते. कांदा-बटाटा लग्नाआधीच सोडलाय. साखर सोडू? मीठ सोडू?"

"'किती' हा शब्द सोड."

"म्हणजे?"

"किती मिळाले. किती झालं. किती राहिलं. हिला विचारायचं नाही."

त्रिशलाने लगेच हात जोडले. साधूंकडून घेतलेल्या नियमाला मुदत असते, हे ती पाठशाळेत मुलांना शिकवायची.

"घेते, माताजी. किती दिवसांसाठी?"

चंदनाचा हात स्कार्फखाली गेला.

ती कुणाकडेही बघत नव्हती. समोरच्या खांबाकडे बघत होती. हात आपला आपणच गेला, आत काहीतरी शोधलं, आणि बाहेर आला. एक लांब केस फरशीवर पडला.

त्रिशलाने तो पडताना पाहिला.



मग ती वाकली. तो केस उचलून तिने फडक्यात ठेवला आणि गाठ मारायला घेतली. गाठ बसेना. पुन्हा घेतली.

"हे... हे नदीत सोडून येऊ, माताजी?"

माताजींनी मोरपिसांची पिंछी उचलली. चंदनाच्या स्कार्फवर ती अलगद टेकवली, आणि तशीच ठेवली.

"नाही. पदरात धर. माझे धरले होतेस तसे."