रोझमंडचे उत्तर

कन्याशाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकात तरंगिणी बोडस नायिकेचे काम करणार होती. नायिका म्हणजे इंग्रजी गोष्टीतली पोरकी पण धीट रोझमंड. नाटकातल्या गर्विष्ठ सरदारीणबाई तिला दरडावतात, "या घरात कोणाचे चालते, ठाऊक आहे ना?" त्यावर रोझमंड अदबीने म्हणते, "हो, तुमच्या मांजराचे."

रंगीत तालमीला संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब निंबकर पत्नी माईसाहेबांसह आले होते. मांजराचे नाव निघताच माईसाहेबांना हसू आवरेना. दादासाहेबांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

"हे वाक्य गाळा! वडीलधाऱ्यांपुढे मुलीने तोंड उघडायचे नाही. नाहीतर मी नाटकच रद्द करीन. कळले का गं?"

इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात जाणार, हे तरंगिणीला स्पष्ट दिसत होते. तरीही ती मान खाली घालून गप्प उभी राहिली.

"अगं, तुला विचारतोय मी!"

तरंगिणीने ओठ अधिकच घट्ट मिटले.

"काय उद्धट मुलगी आहे! मोठ्यांनी विचारले की उत्तर द्यावे, एवढेही कोणी शिकवले नाही?"

"शिकवले आहे ना, दादासाहेब," ती हात जोडून म्हणाली, "आणि रोझमंडलाही शिकवले आहे. सरदारीणबाई विचारतात, म्हणूनच ती बिचारी उत्तर देते. तिने गप्प बसून उद्धटपणा करावा का?"

दादासाहेबांनी घसा खाकरला. मग त्यांनी माईसाहेबांकडे पाहिले.

"वाक्य राहू द्या," माईसाहेब म्हणाल्या.

वाक्य ठेवायचे ठरले. ठरवले माईसाहेबांनी, आणि दादासाहेबांनी त्याला तत्काळ संमती दिली.