यापुढे शिकणाऱ्यांसाठी

एकदा एकाच नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये नांदत होती. पाणी तेच, ताप तोच, औषधी झाडेही तीच. तरी अल्याडचा वैद्य पल्याड अडाणी ठरे आणि पल्याडचा अल्याड.

अल्याडच्या एका वृद्ध आचार्यांनी आपल्या हुशार शिष्येला पल्याडच्या विद्यापीठात धाडले. ती वैद्य होऊन परतली. तिच्या गावात दुसरा वैद्य नव्हता. अधिकाऱ्याने बजावले, "पदवी तिकडची आहे. इथे कुणाची नाडी धरलीस तर तुरुंग." शेजारणीचे मूल तापाने गेले, तेव्हा ही उंबऱ्यात हात बांधून उभी होती.

पदव्यांचा मेळ घालण्यासाठी दोन्हीकडच्या पंडितांची सभा बसली. अध्यक्ष आचार्यच. 'तुमची पदवी आमच्याइतकी' लिहायचे की 'आमची तुमच्याइतकी', यातच वर्षे गेली. म्हाताऱ्यांना घाई कसली? सभेत जेवण उत्तम मिळे.

अखेर करार झाला. सही करण्यापूर्वी आचार्यांनी स्वतःच्या हाताने त्यात एक शब्द घातला: 'यापुढे'. यापुढे शिकणाऱ्यांच्या पदव्या समान. आधीच्यांचे होते तसेच.

शिष्या आपल्या गावाहून तडक राजधानीत त्यांच्या घरी आली. "गुरुजी, मला तिकडे तुम्हीच पाठवलंत ना? मग हा शब्द का घातलात?"

"बस, पोरी. मागचं उघडायचं तर सगळ्यांचंच उघडावं लागतं. तिकडचे म्हणाले, जुन्या पदव्या तपासू, सुरुवात अध्यक्षांपासून. आमच्या वेळी परीक्षा होती कुठे? गुरूंनी डोक्यावर हात ठेवला, झालो वैद्य. आता या वयात ती पोरंसोरं मला प्रश्न विचारणार? राज्याची अब्रू गेली असती. तुझं काय, वय आहे. पुन्हा शीक."

"अब्रू राज्याची की तुमची?"

आचार्य उत्तर द्यायला गेले आणि त्यांना धाप लागली. बराच वेळ श्वास सापडेना. मग उठून त्यांनी दार लोटले, कडी घातली आणि मनगट तिच्यापुढे धरले.

"बघ गं जरा. इथल्या वैद्यांना काही कळत नाही. तुला कळेल."

ती त्या मनगटाकडे पाहत राहिली. आपली विद्या खरी आहे, हे या माणसाला तो शब्द लिहितानाही ठाऊक होते.

तिने कडी काढली.

"नाव लागलेलीच आहे काठाला. पल्याड चला, गुरुजी. तिथं मी वैद्य आहे."

आचार्यांनी मनगट हळूच शालीत ओढून घेतले.