आणखी एक फेरा

ही गोष्ट गेल्या माघातल्या दुसऱ्या मंगळवारी, गाळप दोन तास थांबले असताना, बॉयलरवरील शिवगोंडा मगदूम यांनी सांगितली.

यंत्रे बोलत असत त्या काळी एका साखर कारखान्यात पुठ्ठ्यासाठी लगदा दळणारी दगडी चक्की होती. लगदा तिच्यातून जितक्या वेळा जाई, तितके त्याचे तंतू बारीक आणि चिवट होत. चक्की विजेवर चाले, आणि वीज भट्टीशेजारच्या ढिगातली उसाची चिपाडे जाळून होई.

एकदा रद्दी कागद आणि एक चिपाड चक्कीपाशी आले. रद्दी पाच फेऱ्यांत बाहेर पडली.

"एवढ्यात दमलीस, मावशी?" चिपाडाने टोमणा मारला.

"पुठ्ठा मजबूत करायला एवढं पुरतं, बाळा. तू आधी सोड्याच्या पाण्यात भिजून मऊ हो, म्हणजे तुलाही फेरे कमी लागतील. ढिगात तुझी धाकटी बहीण आहे."

"भिजत पडायला मी काय मटकी आहे? आणि ढीग डोंगराएवढा आहे. चक्कीबाई, आणखी एक फेरा."

प्रत्येक फेऱ्यानंतर त्याला वाटे, अजून बारीक होता येईल. तिसाव्या फेऱ्यानंतर ते काचेसारखे नितळ झाले. भरले मात्र वाटीभरच.

"धाकटीला बोलवा. मला असं तिनं पाहायला हवं."

"ती अठ्ठाविसाव्या फेऱ्याला भट्टीत गेली," चक्की म्हणाली. "पुढच्या दोन फेऱ्यांना ढिगाचा तळ खरवडला."

"मला सांगितलं का नाही?"

"तू दर वेळी फक्त फेरा मागत होतंस."

मगदूम सांगतात, भट्टीत जाताना धाकटीने एवढेच विचारले, "त्याचं अजून किती राहिलं?" त्या वेळी चक्की सुरू होती, त्यामुळे हे कोणी ऐकले का, याची खातरजमा मात्र कधीच होऊ शकली नाही.