दोन केबली, एक इशारा

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका टेकडीवर छोटं रेडिओ केंद्र होतं. वादळाचा इशारा तिथूनच मच्छीमारांच्या होड्यांना मिळे. ट्रान्समीटरमधून निघालेली लाट दोन सारख्या केबली दोन अँटेनांपर्यंत नेत. त्यांतली एक खराब झाली, म्हणून तिच्या जागी तेवढ्याच लांबीची, पण वेगळ्या बांधणीची नवी केबल आली.

दुसऱ्याच दिवशी भिकू तांडेल टेकडी चढून केंद्राच्या इंजिनिअर हेमांगी मयेकरांकडे आला. "बाई, काल इशारा ऐकूच आला नाही. माझी होडी थोडक्यात वाचली."

ते ऐकून जुनी केबल नवीला म्हणाली, "तू येईपर्यंत सगळं नीट चाललं होतं."

"मी तुझ्यापेक्षा वेगानं नेते," नवी म्हणाली. "मागे तू राहतेस."

हेमांगीबाईंनी दोन्ही केबली तपासल्या. नवीत लाट वेगानं जाई, त्यामुळे लांबट होई आणि दुसऱ्या टोकाला अर्धी लाट पुढे पोचे. नवीची लाट वर उसळे तेव्हा जुनीची खाली असे, आणि होड्यांच्या दिशेला दोघी एकमेकींना पुसून टाकत. बाईंनी मोजून नवीला आणखी एक तुकडा जोडला.

"वेगवान मी, आणि लांबचा रस्ताही मलाच?" नवी कुरकुरली.

"लांबून ये," जुनी म्हणाली, "पण माझ्याबरोबर पोच."

त्या दुपारी वारा फिरला. इशारा गेला, आणि दूरवरच्या सगळ्या होड्या एकामागून एक किनाऱ्याकडे वळल्या.