पानावरचं मीठ

“पण बुवा, मग लोकांना विचारायचंच नाही का?”

हा प्रश्न डॉ. निफाडकरांनी पंगत बसण्याआधी विचारला की मध्येच, हे त्यांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. कधी वाटतं, आधीच विचारला. कधी वाटतं, दोनदा विचारला. म्हातारपणी आठवणींचा मुरांबा होतो. फोड कुठली आणि पाक कुठला, कळत नाही. एवढं मात्र पक्कं, की त्यांचा आवाज चढला होता आणि दयालगिरीबुवा मठाच्या ओसरीवर बसून शेवग्याच्या शेंगांचे दोर काढत होते.

“काय विचारायचं?” बुवा म्हणाले.

निफाडकरांनी सांगितलं. महापालिकेचं अंदाजपत्रक तयार होत होतं. यंदा प्रत्येक प्रभागानं सभा घेऊन एक काम सुचवायचं होतं. ते अंदाजपत्रकात आधी धरलं जाणार होतं. अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक म्हणून प्रभाग समितीचं अध्यक्षपद निफाडकरांच्या गळ्यात पडलेलं. त्यांनी घरोघर जाऊन विचारलं. बहुतेकांनी एकच सांगितलं… वेशीवर मोठी स्वागत कमान.

“मग?”

“कोष्टीगल्लीत पिण्याच्या पाण्याची नळी आणि मैल्याची नळी एकाच चरातून जाते, बुवा. दोन्ही जुन्या, दोन्ही झिरपतात. मागच्या पावसाळ्यात तिथं कावीळ झाली. आणि नळ्या बदला म्हणणारी माणसं किती? बोटावर मोजण्याइतकी!”

“हं.”

“उद्या सभा आहे. लोकांचं ऐकावं, तर पुन्हा कुणीतरी अंथरुणाला खिळणार. माझं चालवावं, तर मग विचारायला कशाला गेलो होतो? मी आयुष्यभर हेच शिकवलं आणि आता मलाच…”

बुवांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

“मास्तर, आज समाधीचा भंडारा आहे. एक वाढपी आला नाही. हात धुवा.”

निफाडकर प्राध्यापक होते, त्यांना मास्तर म्हटलेलं खपत नसे. बुवा त्यांना मास्तरच म्हणत.

निफाडकर सोवळ्याओवळ्याचं कौतुक नसलेले गृहस्थ. पदर खोचावा तसं उपरणं खोचून उभे राहिले. जिलबीच्या परातीकडे हात गेला, तोच बुवांनी त्यांच्या हातात मिठाची वाटी दिली.

अंगणात पत्रावळी मांडल्या होत्या. पहिल्याच पानाशी बापू लोहकरे बसले होते. कमानीचा सगळ्यात मोठा कैवारी हाच.

निफाडकर वाकले. “मीठ वाढू का?”

बापूंनी वर पाहिलं. मग शेजाऱ्याला कोपर मारलं.

“ऐका! प्रोफेसरसाहेब मीठ वाढण्याआधी मतदान घेतायत!”

पंगत हसली. पलीकडून कोष्टीगल्लीतल्या अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो दादा, मीठ का कुणी विचारून वाढतं? जिलबी विचारतात. मीठ आधी पडतं पानावर, मग बाकीचं.”

निफाडकर जागीच थबकले. मीठ तसंच हातात. त्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा खांबाला टेकून डोळे मिटून उभे होते.

मग ते झपाझप वाढत सुटले. न विचारता. प्रत्येक पानाच्या वरच्या कडेला, मध्यावर, चिमूटभर. चेहरा उजळला होता. परीक्षेत अवघड गणित सुटलेल्या पोरासारखा.

ते बुवांपाशी आले आणि हळूच म्हणाले, “कळलं, बुवा. जिलबी मागतात, मीठ कुणी मागत नाही. ते ज्यानं त्यानं नाही, वाढणाऱ्यानंच ठरवायचं. उद्या मी नळ्याच लिहून देतो. सभा झाली काय, न झाली काय.”

बुवांनी डोळे उघडले.

भात पडला, आमटी पडली. माणसं कालवू लागली. जो तो वरच्या मिठाला बोट लावून चिमूट उचलत होता. फक्त ओळीच्या टोकाला बसलेल्या हरीनानांचं मीठ तसंच. निफाडकरांच्या नव्या ज्ञानाला ते कसं पाहवणार? ते गेले, नानांच्या पानावरचं मीठ उचललं आणि त्यांच्या आमटीभातात टाकलं.

“घ्या हो नाना. संकोच कसला!”

नानांचा हात पानावर आडवा पडला. उशीर झाला होता.

“अरे भल्या माणसा…” नाना म्हणाले. “डॉक्टरनं मीठ तोडलंय माझं. आता हे कसं खाऊ?”

या वेळी कुणी हसलं नाही. भरल्या पानावर बसलेला माणूस घास न घेता हात आवरून बसला, हे मठात पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

निफाडकरांनी हात जोडले. “माझं चुकलं, नाना. मला वाटलं…”

बुवा आले. त्यांनी नानांचं पान स्वतः उचललं, नवं पान मांडलं. त्यावर भात वाढला, आमटी वाढली. आणि वरच्या कडेला, होतं त्याच जागी, पुन्हा चिमूटभर मीठ ठेवलं.

“बुवा, नानांना मीठ चालत नाही!” निफाडकर जवळजवळ ओरडलेच.

“ठाऊक आहे,” बुवा म्हणाले.

नानांनी त्या मिठाकडे पाहिलं, त्याला हात न लावता भात कालवला आणि शांतपणे जेवू लागले.

रात्रभर निफाडकर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी “काय हवं?” असं विचारलंच नाही. आधी चर कसा आहे ते सांगितलं. कुठली नळी कुठून जाते, कुठे झिरपते, तेवढंच. मग खाली बसले.

“म्हणजे कमान नको म्हणायचंय तुम्हाला?” बापूंनी आवाज चढवला.

‘नकोच’ हा शब्द निफाडकरांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

“ते तुम्ही सांगायचं, बापू.”

मग मागून कुणीतरी विचारलं, “कावीळ कुणाकडे झाली होती?”

अनसूयाबाई उभ्या राहिल्या. “माझ्याकडे. सुनेला.” आणि त्या बोलत गेल्या…

हात वर झाले, तेव्हा नळ्या थोडक्या मतांनी पुढे गेल्या. बापूंनी पुढे कित्येक महिने निफाडकरांना नमस्कार केला नाही.

पण निफाडकरांची झोप काही परतली नाही. चार हात इकडचे तिकडे झाले असते तर? कमानच ठरली असती तर? आपण गप्प बसलो, हे शहाणपण होतं की भित्रेपणा? हे बुवांना विचारायचं राहून गेलं. पुढच्याच वर्षी बुवा गेले.

बऱ्याच वर्षांनी निफाडकर मठात गेले, तेव्हा म्हाताऱ्या गोदूताई चुलीपाशी बसल्या होत्या. बुवांच्या काळापासून स्वयंपाक त्यांच्याकडे. बोलता बोलता निफाडकरांनी नानांच्या पानावरच्या त्या मिठाचं एकदाचं विचारलं, आणि गोदूताईंनी सहज सांगून टाकलं, की भंडाऱ्याच्या आमटीत मीठ मुद्दाम कमी घालायचं, ही बुवांचीच सक्त ताकीद होती.

“मी एकदा भांडलेसुद्धा,” गोदूताई म्हणाल्या. “म्हटलं, बुवा, एखाद्यानं मीठ घेतलंच नाही आणि अळणीच जेवून गेला, तर?”

“मग? काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘जेवेल एक दिवस अळणी. मीठ उचलणारा हात त्याचाच राहू दे.’”