तपासलेला घास

“शुद्ध काय आहे तेवढं सांगा, बाईजी. तेवढंच खाईन.”

मृणालनं हे बसायच्या आधीच विचारलं.

सुभद्राबाई नदीकाठच्या महानुभाव आश्रमातल्या वृद्ध तपस्विनी. नुकत्याच भिक्षा मागून परतल्या होत्या. दारोदारचं अन्न एकाच झोळीत कालवलेलं होतं. भाकरीचे तुकडे, भात, कुठलीशी आमटी, मेथी.

मृणाल विद्यापीठात संशोधन करायची. अन्नातले जड धातू हा तिचा विषय. तिला सहावा महिना लागला होता. बाळाची वाढ मागे पडतेय, तुमच्या पोटात नीट अन्न जायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळे सांगून थकले, तेव्हा सासूबाईंनी तिला आश्रमात धाडलं.

“काय काय सोडलंस?”

मृणालनं सगळं सांगितलं. तांदळाच्या नमुन्यात आर्सेनिक निघालं, तेव्हा भात सोडला. नाल्याच्या पाण्यावरच्या पालेभाजीत कॅडमियम निघालं, मग पालेभाजी गेली. दुधाचा निकाल अजून यायचा होता, म्हणून तेही थांबवलेलं. सध्या उकडलेला बटाटा आणि सोललेलं सफरचंद यांवर चाललं होतं. आकडे तिला तोंडपाठ होते, आणि ते सांगताना तिची मान जराशी ताठ झाली होती. घरात हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

“पाणी?”

“गाळून, उकळून, पुन्हा गाळून.”

“आणि वारा?”

मृणाल हसली नाही.

चुलीपाशी कुणाच्या तरी हातून झाकण पडलं. ती एवढी दचकली, की दोन्ही हात आपोआप पोटावर गेले. मग दचकल्याचीच लाज वाटून तिनं फळीवरच्या हळदीच्या बरणीकडे बोट दाखवलं. इतका पिवळाधमक रंग बरा नव्हे, म्हणाली. चमक यावी म्हणून काही जण शिशाचा रंग मिसळतात.

आता वाद होणार म्हणून तिनं मनात सगळी तयारी केली होती. बाईजींनी स्वयंपाकातल्या बाईंना हाक मारून हळद खड्ड्यात पुरायला सांगितली. दुकानदारालाही कळवा म्हणाल्या.

वाद झालाच नाही. तिला उलट जास्तच धास्ती वाटली. म्हणजे आपली शंका खरी असू शकते तर…

बाईजींनी झोळीतलं थोडं अन्न पत्रावळीवर वाढून तिच्यापुढे ठेवलं.

“कुणाकुणाच्या घरचं आहे?”

“कालच्या घरांचं नाही. एकाच दारी रोज जायचं नाही, असा आमचा नेम.”

“पण तपासलेलं नाही.”

“नाही.”

पत्रावळ तशीच राहिली.

“एवढी कशाला भ्यायलीस गं?”

मृणालनं सांगितलं. तिनं स्वतःचं रक्त तपासलं होतं. त्यात शिसं निघालं. फार नाही, पण निघालं. ते आत्ताच्या जेवणातलं नसावं, असं तिचं म्हणणं. तिच्या वडिलांचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, आणि ती तिथल्याच फरशीवर खेळून मोठी झाली. तेव्हाचं शिसं हाडांत जाऊन बसलेलं. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं.

“ते माझ्या हातात नव्हतं, बाईजी. पण आता बाहेरून एक कणसुद्धा बाळापर्यंत जाऊ देणार नाही मी.”

बाईजी ऐकत होत्या. झोळीची गाठ सोडवत होत्या.

“तू जेवत नाहीस, म्हणजे बाळ उपाशी?”

“अगदी तसं नाही. त्याची हाडं व्हायला कॅल्शियम लागतं. ते त्याला मिळतंच.”

“कुठून?”

“माझ्या…”

ती थांबली. हे वाक्य तिनं सेमिनारमध्ये कितीदा तरी म्हटलं होतं. आईच्या आहारात कॅल्शियम कमी पडलं, की आईचं शरीर स्वतःची हाडं झिजवून बाळाला पुरवतं. पडद्यावर आकृती दाखवून, हातात काठी धरून म्हटलं होतं.

“माझ्या हाडांतून,” ती हळूच म्हणाली.

बाईजींनी तिचं मनगट हातात घेतलं. अंगठ्यानं हाड चाचपलं.

“नुसतं कॅल्शियमच येतं?”

“शिसंही,” मृणाल पुटपुटली.

बाईजींनी मनगट सोडलं, आणि पत्रावळ आणखी थोडी तिच्याकडे सरकवली.

“तू जेव, नको जेवू… बाळ जेवतंच आहे.”